वकिलाकडे जाण्याआधी एक वही करा: पुण्यात घटस्फोट घेताना

पहिल्या वकिलांकडे मी रडत गेले आणि अर्ध्या तासात वकीलपत्रावर सही करून बाहेर आले. मुलगी कितवीत आहे हे त्यांनी विचारलं नाही. घराच्या कर्जाचा हप्ता कोणाच्या खात्यातून जातो हेही नाही. ‘त्यांना सोडायचं नाही’ एवढं मात्र तीनदा म्हणाले आणि त्या दिवशी मला तेच ऐकायचं होतं. पुढचे चौदा महिने तारखा पडत राहिल्या, पैसे जात राहिले आणि एकही साक्ष झाली नाही. शेवटी मी वकील बदलले. नव्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “वर्षभरानंतरचा तुमचा आणि मुलीचा एक साधा मंगळवार कसा असावा, ते लिहून आणा. मग बोलू.” त्या कागदावरूनच आमची केस परस्पर संमतीत वळली.

मी वकील नाही. पण त्यानंतर ऑफिसातल्या, सोसायटीतल्या, नात्यातल्या काही जणांबरोबर, बायकांबरोबर तसंच पुरुषांबरोबरही, मी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात जाऊन बसले आहे. प्रत्येक वेळी तेच पाहिलं: आपल्याला काय हवं आहे हे ठरवून आलेला माणूस चांगला वकील ओळखू शकतो. न ठरवता आलेल्याला जो वकील आधी भेटेल तोच चांगला वाटतो. म्हणून या लेखात वकिलाआधी वही येते.

एक गोष्ट मात्र वहीच्याही आधी. घरात मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, तर कागद जमवत बसू नका. ११२ वर किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. अशा तक्रारींसाठी पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा हे सगळं तिथे मागता येतं आणि त्यासाठी घटस्फोटाची केस टाकलेली असावी लागत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुम्हाला रात्रीत बाहेर काढता येतं, हे खरं नाही.

वहीत काय लिहायचं

पहिलं पान तारखांचं. लग्न कधी झालं, कुठे झालं, दोघं शेवटचे एकत्र कोणत्या पत्त्यावर राहिलात, वेगळे कधी झालात. या चार ओळींवर केसचा अर्धा पाया उभा असतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार लग्नाला एक वर्ष पूर्ण होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही. विलक्षण हाल होत असतील तरच कोर्टाच्या परवानगीनं करता येतो. परस्पर संमतीसाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. जोडीदार सोडून गेला या कारणासाठी सलग दोन वर्षं लागतात.

केस कुठे टाकायची हेही याच पानावरून ठरतं. लग्न जिथे झालं, समोरचा जिथे राहतो किंवा दोघं शेवटचे जिथे एकत्र राहिलात, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. पत्नीला आणखी एक सोय आहे: ती आत्ता जिथे राहते तिथेही ती अर्ज करू शकते. लग्न नागपूरला, संसार हिंजवडीत आणि वेगळं झाल्यावर ती माहेरी लातूरला, अशी उदाहरणं आपल्या शहरात पावलोपावली आहेत. अशा वेळी नवऱ्यानं पुण्यात आणि बायकोनं लातुरात केस टाकली की बदलीच्या अर्जासाठी मुंबई उच्च न्यायालय गाठावं लागतं. दोघंही थकतात. शक्य असेल तर हे आधी बोलून घ्या.

आणि ‘वेगळं राहणं’ म्हणजे वेगळं घरच हवं असं नाही. घरभाडं परवडत नाही म्हणून एकाच फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत राहणारी, पण नवरा-बायको म्हणून नातं न ठेवलेली जोडपीही कायद्यानं वेगळी राहणारी ठरू शकतात. ते कोर्टाला सांगताना खरं आणि नेमकं सांगावं लागतं, एवढंच.

दुसरं पान पैशाचं. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रं, सगळ्या खात्यांचे उतारे, एफडी, म्युच्युअल फंड, पीएफ, विमा, कर्जं. सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. त्या शपथपत्राचा नमुना बराच लांब आहे, त्यात महिन्याचा किराणाही येतो आणि शाळेची फीही. आधीपासून लिहून ठेवलं असेल तर तो दोन संध्याकाळींत भरून होतो. नाहीतर ‘शपथपत्र दाखल नाही’ या एका कारणानं तीन तारखा जाताना मी पाहिल्या आहेत.

याच पानावर तुमचा महिन्याचा खरा खर्च लिहा. फुगवू नका. उलटतपासणीत फुगवलेल्या आकड्यावर बोट ठेवलं गेलं की तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

तिसरं पान वस्तूंचं. स्त्रीधन म्हणजे लग्नात आणि नंतर स्त्रीला मिळालेले दागिने, भेटी, पैसे. ते तिचंच असतं, सासरच्यांकडे सांभाळायला दिलं तरी तिचंच. पण कोर्टात ‘माझे पाटल्या-बांगड्या-तोडे होते’ एवढ्यानं भागत नाही. लक्ष्मी रोडवरच्या पेढीच्या पावत्या, लग्नाच्या अल्बममधले फोटो, लॉकरची नोंद शोधा. फोटोत दागिना दिसतो त्या पानाचा क्रमांक वहीत लिहा.

चौथं पान मुलांचं, आणि ते सर्वांत सावकाश लिहा. सकाळी डबा कोण करतं, शाळेच्या बसपर्यंत कोण जातं, पालकसभेला कोण असतं, तापात रात्र कोण जागतं, आजी-आजोबा कुठे राहतात. ताब्याच्या प्रश्नात कोर्ट मुलांचं हित सर्वांत वर ठेवतं. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं असं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात म्हटलं आहे. त्यापुढे दोघांनाही आपलं रोजचं पालकपण दाखवावं लागतं. हे पान वडिलांनीही तितक्याच मन लावून लिहावं. माझ्या एका सहकाऱ्यानं ते लिहिलं तेव्हा मुलाच्या बालरोगतज्ज्ञांचं नाव आपल्याला माहीत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. पुढच्या तपासणीला तो स्वतः गेला.

शेवटच्या पानावर दोन याद्या: यावर मी अडणार, आणि हे मी सोडू शकते. दुसरी यादी कोणाला दाखवू नका, वकिलालाही पहिल्या भेटीत नको. पण लिहा.

कागदपत्रांमध्ये लग्नाचा दाखला हवा. नोंदणी झाली नसेल तर पत्रिका, फोटो आणि लग्नाला हजर असलेल्यांची शपथपत्रं लागतील. व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका आणि जुना फोन विकू नका; स्क्रीनशॉटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन दाखवायची वेळ येऊ शकते. नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं फोन रेकॉर्डिंग पुरावा म्हणून येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे. पण म्हणून दुसऱ्याचा फोन किंवा ईमेल फोडायला जाऊ नका. तो आयटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि मग आरोपी तुम्ही होता.

रस्ता कोणता

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण त्यानं आयुष्यं अडकलेली मी पाहिली आहेत. स्टँप पेपरवर दोघांनी सह्या केल्या, नोटरीचा शिक्का घेतला, चार पाहुण्यांसमोर ‘सोडचिठ्ठी झाली’, याला कोर्टाचा घटस्फोट म्हणत नाहीत. काही समाजांतल्या रूढीनं होणाऱ्या काडीमोडीला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ नं जागा ठेवली आहे, पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. दुसरं लग्न, पासपोर्ट, पेन्शन यातलं काही पुढे आलं की प्रत्येक जण कोर्टाचा हुकूमनामाच (डिक्री) मागतो. तो घ्याच.

परस्पर संमतीचा रस्ता कलम १३ ब चा. दोघं मिळून एकच अर्ज करता. कोर्टातली मंडळी त्याला एफ पिटिशन म्हणतात. अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन तेच म्हणणं सांगायचं. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर हे सहा महिने माफ होऊ शकतात: वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असेल, समेटाचे प्रयत्न फसलेले असतील, पोटगी-ताबा-मालमत्ता सगळं मिटलेलं असेल आणि थांबल्यानं फक्त त्रासच वाढणार असेल तर. माफी आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज द्यावा लागतो. आणि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हे सतत ध्यानात ठेवा. पुढे अटींबद्दल लिहिलं आहे, तिथे याचं महत्त्व कळेल.

संमती नसेल तर कलम १३. क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षं पत्ता नसणं, अशी ठरावीक कारणं आहेत आणि त्यातलं एखादं सिद्ध करावं लागतं. क्रूरतेत मानसिक क्रूरताही येते. ‘आमचं पटत नाही’ हे मात्र कारण नाही. संसार पुरता मोडला आहे एवढ्यावर घटस्फोट देण्याचा अधिकार घटनेच्या कलम १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. २०२३ च्या घटनापीठाच्या निकालानं तो स्पष्ट झाला. वर्तमानपत्रात तसे मथळे वाचून खालच्या कोर्टात तीच अपेक्षा घेऊन जाऊ नका.

नोंदणी पद्धतीनं विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर १९५४ चा तो कायदा लागतो, आणि वाट बरीचशी सारखीच आहे. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी विवाहांचे कायदे वेगळे आहेत. त्यात नेहमी काम करणाराच वकील बघा.

वकील शोधताना

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. म्हणून ‘पुण्यातील नंबर एक घटस्फोट तज्ज्ञ’ असं कुठे दिसलं तर तिथेच थांबा. नावं मिळतात ती माणसांकडून. ज्यांची केस संपली आहे अशांना विचारा. जिंकलात का हे विचारू नका, वकील फोन उचलायचे का हे विचारा. ओळखीतल्या दिवाणी किंवा फौजदारी वकिलाला विचारा की ‘तुमच्या बहिणीसाठी तुम्ही कोणाकडे गेला असता?’ या प्रश्नाला बहुतेक जण खरं उत्तर देतात.

पैसे नसतील तरी वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींनाही आहे. इतर पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे आणि १५१०० हा देशभराचा हेल्पलाइन क्रमांक आहे. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फीदेखील माफ आहे, १९९४ पासून. हे मला दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

निदान तिघांना भेटा. पहिल्या भेटीची फी आधी विचारा आणि ती द्या. फुकट सल्ल्यात माणूस घाई करतो. वही बरोबर न्या आणि सोबत आई-बाबांना नेऊ नका. हे कठोर वाटेल, पण आईसमोर तुम्ही सगळं खरं बोलणार नाही, आणि वकिलापासून लपवलेली गोष्ट समोरच्या वकिलाच्या तोंडून कोर्टात बाहेर येते. एखादी समजूतदार मैत्रीण बाहेर बसली तरी पुरे.

मी पाच प्रश्न विचारायला सांगते. माझ्या बाजूची कमजोर गोष्ट कोणती? माझी केस संमतीनं मिटायची असेल तर तुम्ही सुरुवात कशी कराल? तारखेला तुम्ही याल की ज्युनिअर, आणि उलटतपासणी कोण घेईल? फी टप्प्याटप्प्यानं की एकदम, त्यात टायपिंग, नोटरी, नकला, अंतरिम अर्ज येतात का? कागदाचा मसुदा दाखल होण्याआधी मला वाचायला मिळेल का, आणि मराठीत समजावून सांगाल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. ‘तुमच्या केसमध्ये काहीच कमजोर नाही’ म्हणणाऱ्यानं तुमचं म्हणणं ऐकलेलंच नसतं.

काही गोष्टी दिसल्या की उठून यायचं. निकालाची हमी. ‘साहेब आपल्या ओळखीचे आहेत.’ कोऱ्या कागदांवर सह्या. पोटगीत टक्का मागणं. बार कौन्सिलच्या नियमांत याला सक्त मनाई आहे. रोख घेऊन पावती न देणं. समुपदेशकांसमोर ‘काहीच बोलू नका’ असं सरसकट सांगणं. आणि न घडलेलं लिहायला लावणं. ‘आधी एक ४९८ (म्हणजे ४९८ अ, सासरच्या छळाची फौजदारी केस) टाकून देऊ, मग बघा कसे येतात’ हे वाक्य मी तीन वेगळ्या ऑफिसांत ऐकलं आहे. खरोखर छळ झाला असेल तर तक्रार जरूर करा. तो तुमचा हक्क आहे आणि १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांसाठी ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. पण दबावासाठी टाकलेली केस तडजोडीनंतरही आपोआप संपत नाही. एफआयआर रद्द करून घ्यायला दोघांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागतं. साताऱ्या-सोलापूरकरांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. पुणे मात्र मुंबईकडेच आहे.

संमतीच्या अर्जात दोघांसाठी एकच वकील चालेल का, असं सगळे विचारतात. खर्च वाचतो हे खरं. तरी अटींचा मसुदा सही करण्याआधी आपल्या वेगळ्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या. एका भेटीच्या फीत काम होतं.

वकीलपत्र वाचून सही करा. तडजोड करण्याचा, पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात छापलेला असतो. नको असेल तर तिथेच बोला. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्याच आठवड्यात मागून घ्या. वकील बदलायची वेळ आली तर जुन्या वकिलांकडून ना-हरकत घेण्याची पद्धत आहे. फी बाकी आहे म्हणून त्यांना तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्येच हे स्पष्ट केलं. माझी फाइल मला सात आठवड्यांनी मिळाली, कारण हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कोर्टात प्रत्यक्ष काय घडतं

कौटुंबिक न्यायालय जिल्हा न्यायालयाच्या जवळच आहे. मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरा, पार्किंग शोधण्यात सकाळ घालवू नका. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे इथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. वकिलासाठी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो आणि तो सहसा मंजूर होतो. याचा दुसरा अर्थ असा की स्वतःची बाजू स्वतः मांडायला तुम्ही मोकळे आहात.

अर्ज दाखल झाला की नंबर पडतो. विरोधातल्या घटस्फोटाला ‘ए’, पोटगीच्या अर्जाला ‘ई’, संमतीला ‘एफ’. सीएनआर, म्हणजे केसचा सोळा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका. पुढची तारीख, कशासाठी आहे ते, सगळं तिथे दिसतं. ‘वकील काही कळवत नाहीत’ ही अर्धी तक्रार इथेच संपते.

मग समोरच्याला समन्स. ते बजावायलाच अनेकदा महिने जातात, कारण पत्ता जुना असतो. ऑफिसचा, गावचा, भावाचा, जितके पत्ते माहीत आहेत तितके द्या. समन्स तुम्हाला आलं असेल तर टाळू नका. न घेतल्यानं केस थांबत नाही, एकतर्फी चालते.

दोघं हजर झाले की विवाह समुपदेशकांकडे पाठवतात. अनेकांना वाटतं तिथे ‘नांदायला जा’ म्हणून उपदेश मिळणार. माझा अनुभव वेगळा होता. समुपदेशक मॅडमनी आम्हाला आधी वेगवेगळं आणि मग एकत्र बसवलं आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं वकिलांशिवाय मुलीच्या शाळेबद्दल बोललो. समेट झाला नाही. पण रविवारच्या भेटी तिथेच ठरल्या. तिथे वही उघडा, चौथं पान.

नंतर समोरची बाजू लेखी म्हणणं देते. कोर्टात त्याला ‘से’ म्हणतात. ते वाचताना संताप येईल. तुमच्याबद्दल, तुमच्या आईबद्दल असं काही लिहिलेलं असेल की हात थरथरतील. घरी एकट्यानं वाचू नका आणि त्या रात्री फोन करू नका. परिच्छेदांसमोर ‘खरं’, ‘खोटं’, ‘अर्धवट’ असं पेन्सिलीनं लिहा आणि खोट्यापुढे पुरावा कोणता ते. एवढंच काम त्या कागदाचं.

केस चालू असताना जगायचं कशावर, यासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज असतो. तो लवकर द्या, कारण पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. पगाराचा चौथा हिस्सा मिळतोच, असं लोक म्हणतात. तसा कोणताही ठरलेला हिशेब कायद्यात नाही. दोघांचं उत्पन्न, राहणीमान, मुलं, जबाबदाऱ्या बघतात. नोकरी करणाऱ्या पत्नीलाही गरजेप्रमाणे मिळू शकते. हिंदू विवाह कायद्याखाली कमाई नसलेला नवराही मागू शकतो. पोटगी चुकवायला किंवा वाढवून घ्यायला राजीनामा देणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की कोर्ट कमावण्याची क्षमताही बघतं.

त्यापुढे वादाचे मुद्दे निघतात, मग सरतपासणीचं शपथपत्र (म्हणजे तुमची साक्ष लेखी), उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल. हे सगळं बंद दालनात चालावं अशी मागणी करता येते. उलटतपासणीत आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, आणि मराठीत बोला. इंग्रजीत बोलल्यानं छाप पडते हा भ्रम आहे. चुकीचा शब्द मात्र नोंदीत कायमचा जातो. तारखेहून परतलात की रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, काय लिहिलं ते वहीत उतरवा.

विरोधातली केस काही वर्षं चालते, हे मनाशी धरूनच सुरू करा. आणि ती चालू असतानाही कधीही संमतीकडे वळता येतं.

अटी लिहिताना

संमतीच्या घटस्फोटात खरी कसोटी अटींच्या त्या पाच-सहा पानांची. मंगळवारचा कागद इथे लागतो.

मुलांच्या भेटीबद्दल ‘वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील’ असं एक वाक्य लिहून उठू नका. वाजवी म्हणजे काय यावर पुढची दहा वर्षं भांडण होईल. कोणता वार, किती वाजता, सोसायटीच्या गेटवर की आजीच्या घरी, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, दिवाळीतला पाडवा कोणाकडे आणि भाऊबीज कोणाकडे, गौरी-गणपतीला गावी कोण नेणार, मूल आजारी असेल तर बदली दिवस कोणता, परदेशी न्यायचं तर लेखी परवानगी किती दिवस आधी. आम्ही गणपतीचे दहा दिवस वाटून घ्यायला विसरलो होतो. पहिल्या वर्षी मुलगी दोन आरत्यांच्या मध्ये रडत बसली. दुसऱ्या वर्षी आम्ही एक साधा ईमेल करून ठरवलं, पण अटींत असतं तर तो दिवस टळला असता.

फीचं लिहिताना ‘शिक्षणाचा खर्च निम्मा’ एवढ्यावर थांबू नका. शाळेची फी, बस, क्लास, दहावीनंतरचं शिक्षण, आजारपण आणि दरवर्षीची वाढ, सगळं वेगळं लिहा. आई स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलांचा हक्क ती सोडू शकत नाही.

एकरकमी पोटगी असेल तर रक्कम कोणत्या टप्प्याला मिळणार ते तारखेशी बांधा. काही भाग अर्जाच्या वेळी आणि उरलेला शेवटच्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टनं, अशी रीत चांगली, कारण संमती मधेच मागे घेता येते आणि मग एक बाजू पैसे देऊन किंवा हक्क सोडून बसलेली असते. बाकीच्या सगळ्या केसेस, पोटगीची, हिंसाचाराची, पोलिसांतली, कोणी कधी मागे घ्यायची किंवा रद्द करून घ्यायची ते क्रमांकासह लिहा.

घर हा पुण्यातला सर्वांत अवघड भाग. वाकडला किंवा खराडीला दोघांच्या नावावर फ्लॅट आणि वीस वर्षांचं कर्ज, हे चित्र आता घरोघरी आहे. दोन गोष्टी बघा. ‘यापुढे हप्ते नवरा भरेल’ असं अटींत लिहिलं तरी बँकेला ते बांधील नाही. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव राहिलं तर त्यानं थकवलेला हप्ता तुमच्या सिबिलवर येतो. बँकेकडून नाव काढल्याचं लेखी पत्र हवं. दुसरं, नाव हस्तांतर बक्षीसपत्रानं करायचं की हक्कसोडपत्रानं, आणि हुकूमनाम्याच्या आधी की नंतर, हे विचारून घ्या. पती-पत्नीत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे, आणि घटस्फोटानंतर तुम्ही पती-पत्नी नसता. या एका क्रमावरून लाखोंचा फरक पडू शकतो.

हुकूमनामा हातात आल्यावर

प्रमाणित नकलांचा अर्ज त्याच आठवड्यात द्या आणि तीन-चार प्रती घ्या. विरोधातल्या केसचा निकाल असेल तर अपिलाचे ९० दिवस जाऊ द्या, त्याआधी दुसऱ्या लग्नाची बोलणी पक्की करू नका. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं.

मग नावं. माहेरचं नाव पुन्हा लावणं सक्तीचं नाही. लावायचं असेल तर राजपत्र, मग आधार, पॅन, पासपोर्ट, बँक या क्रमानं जा. पीएफ, विमा, डीमॅट, बँकेची खाती यांतलं वारस म्हणून लावलेलं नाव घटस्फोटानं आपोआप निघत नाही. ते एकेक फॉर्म भरून बदलावं लागतं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचाही अर्ज तेव्हाच द्या. शाळेत अटींची प्रत देऊन मुलाला कोणत्या दिवशी कोण न्यायला येईल ते वर्गशिक्षकांना स्वतः भेटून सांगा, आणि मुलाला आधी सांगा. माझ्या मुलीनं ते ऐकून एकच विचारलं होतं, मंगळवारी कोण येणार. मी म्हणाले, मी.